तळघराचं माप

तळघराचं माप मी आलेखाच्या कागदावर काढलं होतं आणि हौदाचं तोंडी सांगितलं होतं. माझ्या संसाराचं पुढं जे झालं ते खरं तर एवढ्यात सांगून होतं. पण लोकांना ते पटत नाही. 'एवढ्यावरून?' असं विचारतात. म्हणून सगळं नीट लिहितो.

मी बिअरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होतो. पोट बिअरवर आणि जीव वाईनवर, अशी माझी विभागणी होती. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या पूजा सांगणं नाहीतर कचेरीत खर्डेघाशी करणं, त्यामुळं मी ही नोकरी धरली तेव्हाच आईनं हात टेकले होते. वाईनचं तिला मी सांगितलंच नाही. चार बाटल्या कपाटात शर्टांच्या मागं आडव्या ठेवलेल्या असायच्या आणि उन्हाळ्यात त्यांची बुचं वर यायला लागली की माझा जीव खालीवर व्हायचा. आपलं घर बांधू तेव्हा या बाटल्यांना एक खोली द्यायची, हे मी लग्नाच्याही आधी ठरवलं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण ठरवलं होतं.

आमच्या शहराच्या कडेला, सातारा परिसर म्हणतात तिथं, बीड बायपासच्या पलीकडं प्लॉट घेतला. तेव्हा तिथं ज्वारीची रानं होती आणि अधूनमधून एखादं घर. महापालिकेचा नळ दोन वर्षांत येणार, असं प्लॉट विकणाऱ्यानं सांगितलं. प्लॉट विकणारे हेच सांगतात आणि घेणारे ऐकतात.

बायको जुन्या शहरात शाळेत शिकवायची. प्लॉट दाखवायला तिला घेऊन गेलो तर तिनं इकडं तिकडं न बघता पहिला प्रश्न विचारला, "पाणी?"

मी म्हटलं, "बोअर घेऊ. नळही येतोय."

 ती म्हणाली, "अहो, मी सोयगावची आहे. सहावीपासून दहावीपर्यंत रोज सकाळी विहिरीवर चार खेपा केल्यात. पहिला तास मला कधी मिळाला नाही. गणिताचा असायचा. तुमच्या शब्दावर मी इथं राहायला येते. पण ज्या दिवशी डोक्यावर हंडा घ्यावा लागेल, त्यानंतर मी या घरात राहणार नाही. हे रागानं नाही सांगत."

मी हसून शब्द दिला. दुसऱ्या महिन्यात बोअर घेतला, पाणी भसाभसा वर आलं, आणि शब्द पाळून झाला असं मला वाटलं.

गाडी लावायच्या जागेखाली हौदाचा खड्डा खणला. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, सात फूट खोल. वर मुरूम, खाली काळा दगड. फोडायला तीन आठवडे लागले. मेचा महिना होता. एका दुपारी मी खड्ड्यात उतरलो आणि अंगावर गारवा आला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला थर्मामीटर नेऊन खाली ठेवला. वर बेचाळीस, खाली सव्वीस. वाईनच्या पुस्तकांतलं माप याहून बरंच खालचं असतं, पण हवा स्थिर असली म्हणजे चालतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या क्षणापासून तो खड्डा हौदाचा राहिला नाही.

मग मी आठ दिवस कागद घेऊन बसलो. पंधरा दिवसांत एक बाटली लागणार. काही बाटल्या पाच वर्षं झोपवून ठेवायच्या, काही दहा. अधूनमधून पाहुणे. शिवाय आवड वाढत जाते, म्हणून थोडी रिकामी जागा. बाटलीचा व्यास, लांबी, कडाप्प्याची जाडी, मान खाली वाकवून उभं राहायला लागणारी जागा, पायऱ्या. पहिल्यांदा दोनशे बाटल्यांचं उत्तर आलं. लहान तळघर बांधून पुढं पस्तावलेल्यांबद्दल मी इतकं वाचलं होतं की मी ते उत्तर खोडलं आणि तीनशे साठवर नेलं. तळघर आठ बाय आठ. मधली भिंत अर्धा फूट. उरलेला साडेतीन फुटांचा पट्टा हौदाला.

मिस्त्री पाचोडकडचा होता. त्याचा बाप मेंढरं घेऊन फिरायचा, हा गवंडीकाम शिकला होता. भिंतीची दोरी लावताना तो थांबला.

"सायेब, भित अर्धा फूट इकडं घेऊ का? हौद लई बारका व्हतोय."

"बारा दिवसांचं पाणी मावतंय त्यात," मी म्हटलं. "आम्ही तीन माणसं. मी, बायको आणि आई."

"दिवस नाय मोजत आमी," तो म्हणाला. "मेंढरं घेऊन निघालो का म्हातारा आदी इचारायचा, पुढचं पानी किती मुक्कामावर हाय? मंग ठरायचं किती पाजायचं अन् किती संगं घ्यायचं. तुमचं पुढचं पानी कुठं हाय?"

मी बोअरकडं बोट दाखवलं. दहा-बारा पावलांवर होता. "हे काय, इथं."

"व्हय," तो म्हणाला आणि ओळंबा सोडला.

अर्ध्या फुटात माझ्या साठ बाटल्यांची रांग जात होती. म्हणून भिंत जिथं होती तिथंच उभी राहिली.

तळघराच्या जमिनीवर मी दोन इंच वाळू पसरली. तिच्यावर दर तिसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी शिंपडायचं, म्हणजे हवा दमट राहते आणि बुचं सुकत नाहीत. आईला मी सांगितलं की खाली द्राक्षाचा रस ठेवतो. ती फसली नाही. 'तुझं ते भुयार' म्हणायची आणि तिकडं जायची नाही. बायकोला वाईनचं माहीत होतं. ती कधी खाली उतरली नाही, पण रविवारी जेवताना अर्धा पेला घ्यायची आणि नाक मुरडून म्हणायची, "चिंचेचं पाणी यापेक्षा बरं." ती चार-पाच वर्षं आमची चांगली गेली, हे मी कुणाहीपुढं सांगेन.

मग एक वर्ष पाऊस आला नाही. पुढच्या वर्षी आला तो धूळ बसवण्यापुरता. शहर मात्र आमच्याकडं पळत येत होतं. ज्वारीच्या रानांत चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक इमारतीनं आमच्याहून खोल बोअर घेतला. आमची मोटर आधी गढूळ पाणी द्यायला लागली, मग नुसती हवा. आणखी खोल गेलो, तर खालून कोरड्या दगडाची पांढरी भुकटी वर आली. नळाची पाइपलाइन बायपासच्या अलीकडंच थांबली होती.

टँकर सुरू झाला. आठवड्यातून एकदा, मंगळवारी. पहिला टँकर आला तेव्हा हौदात पाणी अजून शिल्लक होतं. टँकर पाच हजार लिटरचा. तळाचं काँक्रीट आणि वरची स्लॅब धरून आमचा हौद आत सहाच फूट खोल उरला होता; तो रिकामा असता तरी त्यात पाच हजार मावलं नसतं, अडीचशे कमी पडले असते. अर्धा फूट भिंत सरकवली असती तर मावलं असतं. ड्रायव्हरनं पाइप सोडला, थोड्याच वेळात हौद भरून वाहायला लागला, घरातली पिंपं, बादल्या, पातेली भरली, आणि उरलेलं पाणी त्यानं शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर सोडून दिलं. त्याला पुढच्या खेपेसाठी विहिरीवर नंबर लावायचा होता. मी पाण्याकडं बघत उभा राहिलो. आपण माप चुकलो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हुशार माणसाची चूक दुरुस्त करायची पद्धतही हुशारीचीच असते. मी ठरवलं की मंगळवारी सकाळी हौद पूर्ण रिकामा करायचा, म्हणजे टँकर जवळजवळ सगळा आत जाईल. आईला हे फार आवडलं. आमच्या घरात साठवलेलं पाणी एका दिवसात शिळं मानतात. नळ येणार म्हटलं की कालचा हंडा ओतून, घासून पालथा घालायचा आणि ताजं भरायचं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. आठ दिवसांचं हौदातलं पाणी तिच्या लेखी विटलेलंच होतं. मंगळवारी सकाळी ती उत्साहानं चादरी धुवायची, ओटा, पायऱ्या, तुळशीचा कट्टा धुवायची, आणि मी हौदात उतरून काथ्यानं भिंती घासायचो. चार दिवस पुरेल एवढं पाणी आम्ही दोघं मिळून दर मंगळवारी संपवत होतो, दुष्काळात, बाकीची कॉलनी घागरीसाठी भांडत असताना. बायको म्हणायची, "थोडं राहू द्या ना खाली." मी तिला हिशेब समजावून सांगायचो. ती गणिताच्या तासाला मागं बसायची, असं मी एकदा गमतीनं म्हणालोसुद्धा.

रोज सकाळी शाळेला निघताना ती एकच प्रश्न विचारायची. "किती आहे?"

मी हौदात काठी सोडून बघायचो आणि म्हणायचो, "आहे भरपूर." कमी असलं की मी कारखान्यात आंघोळ करायचो, दाढी तिथंच करायचो, स्कूटरवर पुढं दोन कॅन ठेवून पाणी आणायचो आणि ती यायच्या आत हौदात ओतायचो. एका माणसाला घरात थांबवण्यासाठी दुसऱ्या माणसानं किती खोटं बोलावं याला काही मर्यादा असते का, मला माहीत नाही. माझी ती भीती सकाळी डोळे उघडायच्या आधी जागी व्हायची. ढग बघायचो नाही. फक्त काठीवरची ओल बघायचो.

त्या मंगळवारी हौद घासून झाला. आईच्या चादरी तारेवर होत्या. टँकर आला नाही. दुपारी फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, "गंगापूरच्या रस्त्यावरची विहीर बसली सायेब. पानीच नाय तिच्यात. दुसरी बघतोय. उद्या-परवा."

संध्याकाळी बायकोनं विचारलं. मी म्हटलं, "उशीर होतोय त्याला. पिंपात आहे." पिंपात बोटभर होतं.

बुधवारी मी कारखान्यातून चार कॅन आणले, दोन खेपांत. गुरुवारीही. आईनं न बोलता भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायला सुरुवात केली. ती मला वाचवत होती आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो. शुक्रवारी सकाळी शेवटचा कॅन उघडला, आई आणि बायकोचं आवरलं, आणि मी कारखान्यात गेलो तर तिथंही कपात झाली होती. बाहेर पाणी न्यायला बंदी. मी साहेबांपुढं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा जोडले. ते म्हणाले, "सगळ्यांचीच घरं आहेत." बरोबर होतं त्यांचं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. कुठून तरी दोन कॅन मिळतील म्हणून दोन ओळखीच्यांच्या दारात गेलो आणि रिकामा परत आलो.

कॉलनीच्या कोपऱ्यावर कुणी तरी पाठवलेला टँकर उभा होता आणि त्याच्याभोवती अख्खी कॉलनी. मी स्कूटर लांबच थांबवली. आमच्या घराकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यानं माझी आई चालली होती, हातात रिकामी कळशी, आणि तिच्या पुढं माझी बायको. शाळेची साडी, खांद्याला अजून पर्स, डोक्यावर फडक्याची चुंबळ आणि तिच्यावर आमचा पितळी हंडा. आई सत्तरी ओलांडलेली. ती रांगेत उभी राहिली होती, भरलेला हंडा तिला उचलवेना, आणि त्याच वेळी बायको शाळेतून येऊन रिक्षातून उतरली, हे मला नंतर आईनं सांगितलं. बायकोनं हंडा आईच्या हातातून काढून घेतला होता. एक हात वर, एक मोकळा. पाणी हलत नव्हतं. वीस वर्षांनी उचललेला हंडा आणि थेंब सांडत नव्हता.

मी धावत पुढं गेलो. "दे इकडं, दे. मी घेतो."

"सरका," ती म्हणाली. "सांडंल."

सोयगावचं बोलणं तिच्या तोंडून मी फार क्वचित ऐकलं होतं. मी सरकलो. तिनं सात खेपा केल्या. मीही बादल्या आणल्या, पण माझ्या बादलीतलं पाव पाणी रस्त्यातच सांडत होतं, आणि आमच्या दोघांच्या खेपा एकमेकांसमोरून जाताना ती माझ्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघून पुढं जायची.

पाणी भरून झालं. तिनं चहा केला. तिघांनी प्यायला. मला रडू येत होतं आणि ते आईसमोर येऊ नये म्हणून मी कपाकडं बघत होतो. मी क्षमा मागितली, काय शब्दांत ते आठवत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता, "ते तळघर किती मोठं आहे? त्यात पाणी भरता येईल का? दोन्ही मिळून केलं तर दोन-तीन टँकर सहज मावतील. बघू या तरी."

म्हणजे ती राहायचं बघत होती. हंडा डोक्यावर घेऊनही, शब्द मोडूनही, ती या घरात राहायची वाट शोधत होती. एवढं मला त्या क्षणी कळलं आणि आनंदात मी उठलो. मी दिवा लावला, पुढं झालो. ती पायऱ्यांच्या वर चपला काढून अनवाणी खाली उतरली, गाभाऱ्यात उतरल्यासारखी, आणि शेवटच्या पायरीवरून पाऊल वाळूवर ठेवलं.

ती थांबली. वाकून वाळू हातात घेतली.

"हे ओलं कसं?"

मी बाटल्यांकडं बघितलं.

"कशानं ओलं आहे?"

"पाणी शिंपडावं लागतं," मी म्हटलं. "बुचं सुकतात."

"किती?"

"तांब्याभर. तीन दिवसांनी एकदा."

"शेवटचं कधी?"

शुक्रवार हा तिसरा दिवस होता. सकाळी शेवटच्या कॅनमधलं तांब्याभर पाणी घेऊन मी खाली आलो होतो आणि शिंपडून गेलो होतो. विचार करून नाही. हात आपोआप गेला होता. पण हे तिला सांगताना ते विचार करून केल्याहून वाईट ऐकू येत होतं.

"आज सकाळी," मी म्हटलं.

तिनं कडाप्प्याच्या खणांवरून नजर फिरवली. तीनशे साठ खण. त्यात बाटल्या एक्केचाळीस. बाकी सगळे रिकामे. इतक्या वर्षांत माझ्या तळघराला तेवढंच लागलं होतं. ते कपाटातही मावलं असतं. तिनं हातातली वाळू खाली टाकली, तळवा साडीला पुसला आणि वर गेली.

शनिवारी तिनं शाळेच्या जवळ, गुलमंडीच्या मागं दोन खोल्या बघितल्या. तिथं चार दिवसांनी का होईना, नळ येत होता. मी खूप विनवण्या केल्या. बाटल्या फोडतो म्हटलं. ती म्हणाली, "बाटल्यांनी काय केलंय?" सोमवारी ती निघाली तेव्हा आईनंही आपली पिशवी भरून बाहेर आणून ठेवली. मी आईला विचारलं, "तू कुठं?"

"मी हिच्याबरोबर जाते," आई म्हणाली. "तुझ्यावर रागावून नाही रे. तिथं नळ आहे." मग पिशवीचा बंद आवळत म्हणाली, "आणि त्या दिवशी हिनं माझ्या हातातून हंडा घेतला."

रिक्षा वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी टँकर आला. हौद कोरडा होता, त्यामुळं जवळजवळ सगळा आत गेला.

मी एक्केचाळीस बाटल्या वाटून टाकल्या. पाचोडच्या त्या मिस्त्रीला शोधून आणलं. त्यानं सगळं ऐकलं आणि एका शब्दानं मला टोचलं नाही, हे त्याचे उपकार. मधली भिंत पाडली, कडाप्पे काढले, वाळू उपसली, दगडातल्या फटी भरल्या, चारही बाजूंना गिलावा केला, पाणी सोडून पंधरा दिवस गळती बघितली. पंधरा दिवस मी रोज खडूची रेघ बघायला वाकत होतो. रेघेच्या खाली पाणी उतरलं नाही.

त्या रविवारी मी गुलमंडीला गेलो. जिना चढताना मी काय सांगायचं ते पाठ केलं होतं. आई खिडकीशी भाजी निवडत होती. बायको खाली बसून वह्या तपासत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की तळघर गेलं, भिंत गेली, सगळा खड्डा आता हौद आहे, तीन टँकर बसतील, महिनाभर टँकर आला नाही तरी फिकीर नाही, गळती नाही, मी स्वतः बघितलंय.

तिनं लाल पेन वहीवर ठेवलं. तिनं खरंच विचार केला, ते मला दिसलं. तीन टँकर म्हणजे किती, ते ती मनात मोजत होती.

"एका माणसाला मोठा होईल," ती म्हणाली आणि पुढची वही ओढून घेतली.